मामाचा जॉयस्टिक

माझ्या टेबलावर पोकलेनचा एक जॉयस्टिक आहे. डाव्या हाताचा. खालचं रबर फाटलंय, मुठीवर कुणाच्या तरी घामाने पिवळसर डाग पडलाय. त्यात कसलाही दोष नाही. तो निकामी म्हणून मीच काढला होता आणि त्याची किंमत मी भरलेली नाही.

आमच्या जासईत खोदाईच्या कुठल्याही मशीनला पोकलेनच म्हणतात, मग ते जपानी असो की कोरियन. नाव मूळ एका फ्रेंच कंपनीचं. तिने ही मशीनं बनवणं कधीच सोडलं, नाव मात्र नाक्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचून राहिलं. मामा तसल्या जुन्या मशीनवर शिकलेला. सख्खा नव्हे, आमच्या आळीतला. न्हावा शेवा बंदराचं काम सुरू झालं तेव्हा तो हेल्पर म्हणून लागला आणि 1989 साली बंदर चालू झालं तोवर मिस्त्री झाला होता. ज्या शेतात त्याच्या बापाने भात लावला, तिथेच त्याने ग्रीसगन धरली. मामाला आम्ही अरे-तुरेच करायचो. अहो-जाहो केलं असतं तर आम्ही रागावलोय असं त्याला वाटलं असतं.

मी आयटीआय करून आलो तेव्हा विमानतळासाठी उलव्याची टेकडी उतरवायचं काम चालू होतं. सुरुंग, धूळ, डंपरांची रांग. मी एका ठेकेदाराकडे लागलो. लॅपटॉप माझ्याकडे होता, त्यामुळे अक्कलही माझ्याकडेच आहे असं मला वाटायचं.

जुन्या मशीनमध्ये लिव्हर ढकललं की पायलट लाईनमधलं तेल जातं आणि मोठ्या व्हॉल्व्हचा स्पूल सरकवतं. बिघाड झाला तर गेज लावायचा, दाब बघायचा. तेल कुठेतरी गळतं, तापतं, वास येतो. आमच्या त्या मशीनमध्ये लिव्हरखाली तेलच नव्हतं. चुंबक आणि हॉल सेन्सर. आत पाच व्होल्ट येतात. लिव्हर मधोमध असेल तर बाहेर अडीच, एका टोकाला अर्धा, दुसऱ्या टोकाला साडेचार. कंट्रोलर तो आकडा वाचतो आणि सोलेनॉइडला तेवढा करंट देतो. प्रत्येक दिशेला दोन सेन्सर, म्हणजे एक खोटं बोलला तर दुसऱ्यावरून कळावं. दोघांचं जमलं नाही की कंट्रोलर ती हालचालच बंद करतो. वेडावाकडा फिरणारा आर्म कुणाच्या डोक्यावर जाण्यापेक्षा थांबलेला बरा.

तर आर्म थांबायचा. अधूनमधून. स्क्रीनवर कोड यायचा : डावा जॉयस्टिक, सिग्नल कमी. ऑपरेटर झारखंडचा. तो सांगायचा, "साहब, खाना खाके आता हूँ तो आर्म सो जाता है." मी हसलो. कोड समोर दिसत असताना जेवणाचं काय ऐकायचं? नवा जॉयस्टिक मागवला. किंमत माझ्या तीन पगारांहून जास्त. बसवला, आर्म चालला, दोन दिवस मी छाती काढून फिरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर आर्म झोपला.

इलेक्ट्रिक पार्टचं पार्सल एकदा उघडलं की कुणी परत घेत नाही. ठेकेदाराचा आवाज टेकडीच्या दुसऱ्या बाजूला ऐकू गेला असेल. संध्याकाळी मी मामाच्या ओटीवर जाऊन बसलो.

"काय बिघडलंय तं मागनं," मामा म्हणाला. "कवा बिघडतंय तं आधी इचार."

दुसऱ्या दिवशी तो आला. लॅपटॉपकडे बघितलंही नाही. ऑपरेटरला म्हणाला, जेवायला जाताना काय काय करतोस ते करून दाखव. ऑपरेटरने इंजिन बंद केलं आणि उतरण्यासाठी सेफ्टी लिव्हर वर केलं. त्याबरोबर डावा कन्सोल जॉयस्टिकसकट वर उचलला गेला. मामाने मान हलवली. दिवसातून दहा वेळा तो कन्सोल उचलतो आणि दहा वेळा त्याखालचा वायरींचा हार्नेस त्याच जागी मुडपतो.

मग मला म्हणाला, दोन्ही सिग्नल कसे मेले ते दाखव. आकड्यांची नोंद माझ्याकडे होती, मी ती नीट वाचलीच नव्हती. दोन्ही एकाच क्षणी शून्यावर. "दोन मानसं एकदम मेली तर दोघांचा डाक्टर कशाला बघतोस? दोघांनी खाल्लं काय तं बघ." दोन्ही सेन्सरचा पाच व्होल्टचा पुरवठा एकाच वायरने येत होता.

मी मीटर लावला, बीप वाजली. वायर शाबूत, मी म्हणालो. मामाने दोन्ही टोकं सुटी करायला लावली आणि बॅटरीतून त्या वायरमार्गे चोवीस व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब पेटवला. मग बिजागरीपाशी हार्नेस हळूहळू वाकवू लागला. बल्ब फडफडला आणि विझला. वरचं प्लास्टिक शाबूत, आतले तांब्याचे धागे तुटून एकमेकांना नुसते टेकलेले. कोड चुकीचा नव्हता. त्याने कुठलं सर्किट ते सांगितलं, मी त्यात पार्टचं नाव वाचलं. आजही नव्या पोरांची पहिली चूक हीच असते.

वायर बदलली, थोडी सैल ठेवून नव्या जागी बांधली. पगारातून काहीच कापलं गेलं नाही. ठेकेदार दिलदार आहे, असं मी वर्षभर सांगत फिरलो. मग एकदा मुनशी बोलून गेला : मामाने "बदलायला मीच सांगितलं होतं" असं सांगून आपल्या बाकी बिलातून ती रक्कम वळती करायला लावली होती.

मी पैसे घेऊन गेलो. मामा पावसाळ्याआधी कौलं चाळत होता. खाली उतरला नाही. वरूनच म्हणाला, "चौऱ्याऐंशीला तुझ्या बानं माझ्या घरात भात टाकलंवतं. ठेव तं."

जानेवारी 1984. जमिनीच्या भावासाठी आमच्याच गावच्या दि. बा. पाटलांच्या मागे सगळा टापू उठला होता. 16 आणि 17 तारखेला गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व त्या लढ्यातून आलं, हे पुस्तकात आहे. त्या दिवसांत मामा किती दिवस घरी नव्हता आणि बाबाने किती पायली भात नेऊन टाकलं, ते मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. विचारायला बाबाही उरला नव्हता.

मामा तीन वर्षांपूर्वी गेला. पैसे मी मामीला द्यायला गेलो, तिनेही घेतले नाहीत. चहा दिला आणि हा जुना जॉयस्टिक माळ्यावरून काढून दिला. मामाने तो भंगारात जाऊ दिला नव्हता.

नवीन पोरगा कामाला आला की मी त्याच्यापुढे हाच ठेवतो. परवाच पाच व्होल्ट लावून बघितला. मधोमध अडीच, दोन्ही सेन्सरना.