भुलेश्वरचा पांजरापोळ आणि आमचा गोठा

गेल्या माघात भाच्याच्या घरी लग्नकार्य होते, म्हणून मुंबईस जाणे झाले. लग्नात बसलो होतो खरा, पण जीव गावातल्या गोठ्यात अडकला होता.

आमच्या गावाने म्हाताऱ्या, भाकड जनावरांसाठी नवा गोठा बांधायला घेतला आहे. वर्गणी बरी जमली. खांब उभे राहिले, पत्रे आले. आमचा ढवळ्या बारा वर्षे औताला चालला. आता उठताना त्याचे पाय कापतात. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, आणि विकायला मनही धजत नाही. त्याला या गोठ्यात न्यायचे घरात ठरले आहे. पण गोठा झाला तरी तिथे वैरण कोण घालणार, याचा पत्ता नव्हता.

भाचा म्हणाला, "मामा, इथला भुलेश्वरचा पांजरापोळ बघून या. दोनशे वर्षे होत आली त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. माधवबागेच्या अंगाने गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंना दुकाने, मधून हातगाड्या, माणसाला माणूस खेटलेला. अशा गर्दीत एकदम शेणामुताचा ओळखीचा वास आला आणि परक्या गावात आपला माणूस भेटावा तसे झाले! आत पाहतो तो शेकडो गाईगुरे. शहरातली माणसे तिथेच चारा विकत घेऊन गाईंना घालत होती. एक लहानगी मुलगी हात पुढे करी; गाईची खरखरीत जीभ लागली की दचकून मागे घेई, आणि हसून पुन्हा पुढे करी.

गंमत अशी, की या पांजरापोळाची सुरुवात कुत्र्यांपायी झाली. १८३२ साली इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम कडक केली. पारशी मंडळी खवळली, इतर समाजही सामील झाले, दुकाने बंद पडली, दंगा झाला. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय, शेठ मोतीशा आदी व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन मुक्या जनावरांसाठी ही जागा उभी केली. कुत्र्यांना दूध हवे म्हणून गाई आणल्या, असे सांगतात. आज मात्र गाईंचेच राज्य आहे.

हे व्यापारी पक्के हिशेबी. एकदा देणगी देऊन ते मोकळे झाले नाहीत. कापूस, अफू अशा आपल्या व्यापाराच्या मालावर त्यांनी ठरावीक लाग बसवली. माल हलला की जनावरांचा वाटा बाजूला निघे. देणाराला तो जड जात नसे, आणि दरवेळी कुणाच्या दारी जाऊन हात पसरावा लागत नसे.

तिथेच ओट्यावर टेकलो आणि मनाशी हिशेब मांडला. मोठ्या जनावराला दिवसाला निदान १५ किलो हिरवा चारा धरा. आमच्या गोठ्यात १२ जनावरे आली, तर रोजचा १८० किलो. वर्षाचा ६५ टनांच्या वर. पत्रे एकदाच घ्यायचे असतात. पोट मात्र रोज उगवते. आम्ही भिंतींसाठी वर्गणी मागितली, पोटासाठी मागायचे विसरलो.

खरे तर ही रीत आपल्याला नवी नाही. खळ्यावर रास पडली की सुताराचे, लोहाराचे, कुंभाराचे बलुते आधी बाजूला निघत असे. मग ज्याच्या मानेवर जू ठेवून ती रास पिकली, त्याचे बलुते का नसावे?

परत आल्यावर बैठकीत हेच मांडले. ज्याचा ऊस त्याने तोडणीच्या वेळी वाढ्यांचा भार द्यावा, ज्वारीवाल्याने शेकड्यामागे पाच पेंढ्या कडबा द्यावा, बाकीच्यांनी विकलेल्या मालाच्या पोत्यामागे थोडे पैसे ठेवावेत. थोडी कुरकुर झाली. दुष्काळात काय करायचे, असेही एकाने विचारले. प्रश्न खोटा नव्हता. म्हणून ठरले, की चांगल्या वर्षी जास्तीची गंज रचून ठेवायची. शेवटी आमचे थोरले काका उठले आणि म्हणाले, "माझ्या पहिल्या शंभर पेंढ्या लिहून घ्या."

वहीत तेवीस नावे चढली आहेत. पोळ्यापर्यंत पन्नास व्हावीत, एवढीच इच्छा. ढवळ्याला यंदा झूल घालून नव्या गोठ्यात न्यायचे आहे. पण गव्हाण भरल्यावर.