एकाच तांब्यातलं पाणी

जालन्याजवळचं आमचं बेथेल नारायण शेषाद्रींनी वसवलं. जन्मानं ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यासोबत मिशनऱ्यांकडं काही दिवस राहिला, तर त्याला जातीत परत घ्यावं का यावरून केवढा गहजब! बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. पोरगं परक्यांत जेवलं, एवढ्यावरून. तेच नारायणराव पुढं इकडं मांग-महारांत येऊन राहिले.

हे आम्ही अभिमानानं सांगतो. पण सोयरीक निघाली की आमच्यातलेच लोक आवाज खाली करून विचारतात, "मूळचे कोणते?" बाप्तिस्म्याच्या पाण्यानं ते काही धुतलं गेलं नाही, मला तरी तसं दिसत नाही.

आजीचं मात्र निराळं. एका नाताळात तिनं सळईच्या कारखान्यातल्या एका बिहारी पोराला पंगतीत बसवलं. त्याला सुट्टी नव्हती, घर लांब. करंजी खाऊन त्यानं तांब्या उचलला नि लांबूनच धार तोंडात सोडायला लागला.

"तोंड लाव की रं लेकरा," आजी म्हणाली.

काकू कुजबुजली, "आत्याबाई, कोण कुठला माहीत तरी आहे का?"

"माझ्या मायला आडावर असंच इचारायचे."

पोराला मराठी कळलं नसावं, पण त्यानं तांब्याला तोंड लावलं. मग तांब्या फिरत काकूकडं आला. ती वरूनच प्याली.