सांधा बदलण्याआधी हाताचं काम पाहा

खराब झालेला सांधा काढून नवा बसवणं हाच सगळ्यात चांगला उपाय, असं माझं ठाम मत होतं. आईचे दोन्ही गुडघे बदलले आणि भिंत धरून चालणारी आई देवळाच्या पायऱ्या चढू लागली. हे डोळ्यांनी पाहिल्यामुळे, धाकट्या भावाचं कोपर आखडलं तेव्हा मी घरात सगळ्यांना एकच सांगत होतो, "सांधा बदलून टाकू, पैशाचं मी बघतो."

मोटरसायकलवरून पडून त्याच्या दंडाच्या हाडाचं कोपराकडचं टोक मोडलं होतं. प्लेटा आणि स्क्रू घालून हाड नीट जुळलं, पण हात 60 ते 90 अंशांच्या पलीकडे हलेना. रोजच्या बहुतेक कामांना 30 ते 130 अंशांची हालचाल लागते. उजव्या हाताचा घास तोंडापर्यंत पोचत नव्हता. डाव्या हाताने जेवताना कुणी बघू नये म्हणून त्याने पंगतीला बसणंच सोडलं. शर्टाचं वरचं बटण त्याची बायको लावून द्यायची.

अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे बाजूला ठेवून आधी विचारलं, "काम काय करता?" भाऊ म्हणाला, "शेती. म्हशी आहेत." तेव्हा त्यांनी सांधेबदलाची अट सांगितली. कृत्रिम कोपर बसवल्यावर त्या हाताने एका वेळी साधारण 4-5 किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही, वारंवार उचलायचं तर किलोभरच, आणि तेही जन्मभर. पाण्याने भरलेली मोठी बादलीच 15 किलोची. वैरणीचा भारा तर लांबच राहिला.

गुडघा अख्खं शरीर पेलतो, मग कोपराला एवढी बंधनं का, हे मला पटेना. त्यांनी माझाच हात वाकवून दाखवला. वजन असतं तळहातावर, कोपरापासून वीतभराहूनही लांब. ते उचलणारा दंडाचा स्नायू मात्र कोपराच्या अगदी जवळ, दोन-तीन बोटांवर जोडलेला. त्यामुळे हातातल्या ओझ्याच्या कितीतरी पट ताण सांध्यावर येतो, शिवाय पिळाही बसतो. हाडांत सिमेंटने बसवलेल्या दांड्या त्याने ढिल्या होतात. तरुण, कष्टकऱ्याच्या हातात त्या लवकर ढिल्या होतात आणि दुसऱ्यांदा बदलायला हाड कमी उरतं. माझं मत बदललं ते तिथे.

भावाच्या सांध्यातली कूर्चा बरीचशी शाबूत होती. म्हणून सांधा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया ठरली. सांध्याभोवतीचं जाड झालेलं आवरण कापायचं, अडणारं वाढीव हाड काढायचं आणि करंगळीकडे जाणारी नस सोडवून जपायची. कूर्चाच झिजली असती, तर मांडीवरचा स्वतःचाच चिवट पडदा हाडांमध्ये घालण्याचा पर्याय होता. सांधा कायमचा जखडून टाकणं हा अगदी शेवटचा. कारण जखडलेल्या कोपराचं काम खांदा किंवा मनगट करू शकत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम त्याने दात-ओठ खाऊन केला. गावात तेल लावून हात जोराने ओढून देणारे होते, पण जखमी कोपराला अशी रगडणी केली तर स्नायूतच हाड धरण्याचा धोका असतो, हे आता आम्हाला माहीत होतं. आज त्याचा हात पूर्ण सरळ होत नाही, पण तो उजव्या हाताने जेवतो, धार काढतो आणि भाराही उचलतो.

सांधेबदल वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. सत्तरी ओलांडलेली आमची मावशी मोरीत पडली आणि तिच्या कोपराचा चुरा झाला. हाड इतकं ठिसूळ की स्क्रू धरेना. तिला कृत्रिम कोपर बसवलं आणि आता ती स्वतःची वेणी स्वतः घालते. तिला ओझी उचलायचीच नाहीत, त्यामुळे ती अट तिला जाचत नाही.

म्हणून कुणी सल्ला विचारला तर मी आता उपायाचं नाव घेत नाही. डॉक्टरांना विचारा, म्हणतो: कूर्चा किती उरली आहे? हाड किती भक्कम आहे? नस सुरक्षित राहील का? आणि या हाताला उद्यापासून कोणतं काम करायचं आहे, हे त्यांनी विचारायची वाट न बघता आपणच सांगा. भावासाठी आणि मावशीसाठी वेगवेगळा निर्णय झाला, तो त्याच उत्तरावरून.