खर्जाच्या तारा

विकत घेतलेली वस्तु आणि आपली वस्तु ह्या दोहोंत पुष्कळ अंतर असतें. नवा जोडा पहिले आठ दिवस दुकानदाराचाच असतो. पायाला फोड येऊन ते बरे झाले म्हणजे मग तो आपला होतो. नवें फाउंटनपेनही कांहीं दिवस दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरांत लिहितें. वाद्याच्या बाबतींत तर हें अंतर चक्क कानाला ऐकूं येतें.

चार महिन्यांपूर्वीं मीं विजेवर वाजणारी एक बास गिटार विकत घेतली. वर्गांत मिल्टन शिकविणाऱ्या प्राध्यापकानें पंचावन्नाव्या वर्षीं असला उद्योग आरंभिला म्हणजे घरच्या मंडळींनीं त्याच्याकडे ज्या नजरेनें पाहावें, त्याच नजरेनें माझ्याकडे पाहण्यांत आलें. "अहो, घ्यायचीच होती तर निदान सतार तरी घ्यायची!" एवढेंच सौभाग्यवती म्हणाल्या. मजजवळ उत्तर होतें. पण तें सांगण्याआधीं ह्या वाद्याची थोडी ओळख करून दिली पाहिजे.

पाश्चात्य वाद्यवृंदांत खर्ज सांभाळण्याचें काम पूर्वीं माणसाहून उंच अशा डबल बासकडे असे. तें घेऊन प्रवास करणें म्हणजे एक स्थूल पाहुणा बरोबर नेण्यासारखेंच; आणि इतकें करूनही नगारे व कर्णे यांच्या गदारोळांत त्याचा आवाज बुडून जाई. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं रेडिओदुरुस्तीपासून धंद्याला सुरुवात केलेल्या लिओ फेंडर ह्या गृहस्थानें १९५१ सालीं ह्यावर तोड काढली. त्यानें तो खर्ज ३४ इंच लांबीच्या चार तारांवर आणि खांद्याला अडकवितां येईल अशा लांकडी फळीवर आणून बसविला, तारांखालीं लोहचुंबक ठेवून त्यांचें कंपन विजेच्या स्वाधीन केलें, आणि दांडीवर पडदे बसविले. पडद्यांमुळें स्वर अचूक सांपडतो, म्हणून त्या वाद्याचें नांव 'प्रिसिजन बास'. माझी बास त्याच घडणीची आहे. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें ४१ वेळां कांपते, आणि सर्वांत बारीक ९८ वेळां.

बास घेणें हें काम अर्ध्या तासाचें. तारा निवडणें हें मात्र महिन्यांचें. तारांचीं मुख्य कुळें दोन. दोहोंचा गाभा पोलादीच. परंतु एकीवर बारीक गोल तार गुंडाळलेली असते, दुसरीवर चपटी पट्टी. पहिली बोटाला स्क्रूच्या आट्यांसारखी खरखरीत लागते आणि तिचा आवाज लखलखीत, पुष्कळ वेळ टिकणारा असतो. दुसरी गुळगुळीत, तिचा आवाज ठसठशीत पण मवाळ, बोलून झालें कीं गप्प बसणारा. शिवाय प्रत्येक कुळांत जाडीचे प्रकार निराळे. इंचाच्या हजाराव्या भागांत ती जाडी मोजतात, आणि ४५, ६५, ८५, १०५ हा संच सर्रास वापरांत आहे.

ह्या दोन कुळांचे दोन थोर पुरस्कर्ते होऊन गेले. लंडनच्या 'द हू' ह्या मेळ्यांतील जॉन एंटविसल ह्यानें १९६६ च्या सुमारास रोटोसाउंड ह्या तारा करणाऱ्या कारखान्याला हाताशीं धरून गोल वेढ्याच्या तारा आपल्या मनासारख्या करवून घेतल्या. त्याची बास पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखी खणखणूं लागली. ह्याच्या उलट डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन. मोटाउन कंपनीच्या १९६० नंतरच्या दशकांतील कितीतरी गाण्यांचा पाया त्यानें घातला, तो चपट्या, जाड तारांवर आणि उजव्या हाताच्या एका तर्जनीनें. तार तुटल्यावांचून तो ती बदलीत नसे. तीं गाणीं जगभर गाजलीं. पण वेष्टनावर ह्या वादकांचीं नांवें छापण्याची गरज कंपनीला वाटली ती १९७१ सालीं, मार्विन गे ह्याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' ह्या संग्रहाच्या वेळीं.

दुकानांतून आली तेव्हां माझ्या बासवर गोल वेढ्याच्याच तारा होत्या. पहिल्याच संध्याकाळीं माझ्या मुलीनें त्या छेडल्या आणि ती म्हणाली, "बाबा, काय झळाळी आहे ह्या तारांना!" मीं कान देऊन ऐकलें. खर्ज उत्तम होता, भरदार होता. झळाळी मात्र मला कोठें सांपडली नाहीं.

ह्याचा उलगडा डॉक्टरांनीं आधींच करून ठेवला होता. गेल्या वर्षीं त्यांनीं माझ्या कानांचा आलेख काढला. ती रेघ डावीकडे पठारासारखी सपाट चालते आणि उजवीकडे एकदम घाट उतरते. वय झालें म्हणजे आधीं उंच स्वर जातात. खालच्या स्वरांना धक्का बसतो तो पुष्कळ उशिरां. कानाच्या आंतल्या शंखांत उंच स्वर टिपणाऱ्या पेशी दाराशींच असतात, आणि खालचे स्वर टिपणाऱ्या पार आंतल्या टोंकाशीं. मागच्या बाकावरून आलेल्या प्रश्नांतले 'स' आणि 'श' हल्लीं माझ्यापर्यंत पोंचत नाहींत. घरीं वडिलांचा मिरजेचा तंबोरा आहे. घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा सरकवीत वडील जवारी जुळवीत, आणि ती जुळली कीं सारी खोली गुंजारवानें भरून जाई. तंबोरा तोच आहे. तो गुंजारव आतां मला विरळ ऐकूं येतो. सतार कां घेतली नाहीं, ह्याचें उत्तर हें असें आहे. सतारीचें सारें वैभव जेथें आहे तेथून माझा कान काढता पाय घेत आहे. बासचें जेथें आहे तेथें तो अजून ठाण मांडून बसला आहे.

तेव्हां प्रश्न एवढाच उरला कीं, तारा कुणाच्या कानासाठीं निवडावयाच्या? गोल वेढ्याच्या तारा ठेवल्या असत्या तर मीं एक वाद्य वाजविलें असतें आणि मुलीनें दुसरेंच ऐकलें असतें. तिला दिसणारी झळाळी मला मिळाली नसती, ही गोष्ट सोसण्याजोगी होती. पण आट्यांवरून बोट सरकतांना जी चिरचिर होते, तीही फक्त तिलाच ऐकूं आली असती, आणि मी आपला खुशाल वाजवीत बसलों असतों. आपला दोष आपल्याखेरीज सर्वांना ऐकूं यावा, हें मात्र मला सोसवेना. चपट्या तारेंत ती झळाळी मुळांतच थोडी, आणि चिरचिर जवळजवळ नाहींच. म्हणजे मला जें ऐकूं येतें आणि तिला जें ऐकूं येतें, त्यांतलें अंतर ह्या तारेवर सर्वांत कमी. मीं चपट्या तारा आणल्या.

त्या चढविण्याला एक अख्खा रविवार लागला. सारख्याच जाडीच्या चपट्या तारा बहुधा अधिक ताणाच्या असतात. त्यांनीं दांडी किंचित् पुढें वांकविली. दांडीच्या पोटांत एक पोलादी सळई असते; ती पाव वळसा आवळली तेव्हां दांडी ताळ्यावर आली. मग घोडीवर एकेक तारेचा टेकू मागेंपुढें सरकवून बाराव्या पडद्याशीं पडताळा घेतला. तेथें बोट नुसतें टेकवून निघणारा स्वर आणि तार दाबून निघणारा स्वर एक व्हावा लागतो. शेवटीं घोडीजवळ तारांखालीं स्पंजाचा एक तुकडा खोंवला. फेंडरच्या जुन्या बासमध्यें घोडीवरच्या झांकणाखालीं असा मऊ तुकडा असेच. वडील तारेखालीं दोरा घालीत, तो गुंजारव वाढावा म्हणून. मीं स्पंज घातला, तो आवरावा म्हणून.

मुलीनें नव्या तारा छेडून पाहिल्या. "आतां जरा म्हातारी वाटते, बाबा," ती म्हणाली. पण त्या रात्रीं ती आपली गिटार घेऊन शेजारीं बसली आणि आम्हीं तासभर वाजविलें. कोठें बिघडलें तें दोघांनाही एकदमच कळत होतें.

काढलेल्या तारा मीं गुंडाळून एका डब्यांत ठेवल्या आहेत. बास पुढेंमागें तिच्याकडेच जाईल. तेव्हां तिला हव्या असल्या तर तिनें त्या खुशाल चढवाव्या.