कुंची

१९७२ सालच्या दुष्काळात पाव्हणा म्हणून कुणाच्या घरी जायची सोय नव्हती. जाणाऱ्यालाच लाज वाटायची. अशात दिवाळीनंतर एक दिवस, दिवस मावळता, आत्ती आमच्या दारात येऊन उभी राहिली. काखेत गाठोडं, गुडघ्यापर्यंत फुफाटा. खटावाकडच्या तिच्या गावाहून चालत आलेली. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. तांब्यात पाणी अर्धंच होतं, हे मी बघितलं.

आमचं गाव माणदेशात. तिथं पाऊस तसाही जपूनच पडतो, त्या साली तर त्यानं तोंडच दाखवलं नाही. विहिरीचा तळ उघडा पडलेला, बैल चाऱ्यावाचून विकलेले. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतनं आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना आईच्या हातातच मोडायची. आई-दादा पाझर तलावाच्या कामावर जायचे आणि दीड वर्षाची बारकी माझ्या काखेत द्यायचे. मी तिसरीतला. शाळा बुडायची, त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण बारकी काखेत टिकायची नाही आणि खाली सोडली की चुलीतली राख खायची. आत्ती आली नि मी सुटलो.

आई मात्र धुसफुसत होती. "आपलंच भागंना, त्यात आनी एक तोंड," असं रात्री ती दादांना म्हणाली. दादा नुसते "हूं" म्हणाले. आक्काला जा म्हणवत नव्हतं, नि ऱ्हा म्हणायला घरात काही नव्हतं. एका खणाचं घर आमचं. आत्तीनंही ते ऐकलं असणार. दुसऱ्या दिवसापासून ती म्हणायला लागली, "मला बाई रातचं जेवान सोसत न्हाय."

बारकीचं नि तिचं चार दिवसांत जमलं. सुकडी पाण्यात कालवून आत्ती तिला बोटानं चाटवायची. न्हाऊ घालायला पाणी कुठलं? ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. बारकी तिचं लुगडं धरून घरभर हिंडायची. आई कामावरून आली की आधी धावत यायची, पुढं पुढं नुसती बघून आत्तीच्या पदराआड जायला लागली. एकदा तर तिनं आत्तीलाच "आये" म्हणून हाक मारली. खडी फोडून आईच्या बोटांना चिरा पडायच्या, म्हणून ती सायकलच्या ट्यूबचे तुकडे बोटांना गुंडाळायची. ते सोडता सोडता तिचे हात थांबले. काही बोलली नाही.

थंडी पडली तशी आत्तीनं गाठोड्यातनं एक कुंची काढली. हिरव्या खणाची, लाल गोंड्यांची. बारकीला घातली. आई आली ती दारातच थबकली.

"वन्सं, ही काढा."

"गार वारं हाय गं."

"काढा म्हन्ते न्हवं!" आणि आईनंच ती ओढून काढली. बारकीनं भोकाड पसरलं.

मला काही कळेना. मग दादांनी सांगितलं. आत्तीचा एकुलता एक मुलगा दोन वर्षांचा होऊन गोवरानं गेला होता, ही त्याची कुंची. गेलेल्या लेकराचं कापड जित्या लेकराला घालू नये, असं आमच्याकडं मानतात. आईचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. माझ्या नि बारकीच्या मधलं एक लेकरू तिनंही पुरलं होतं.

कुंची रात्रभर चुलीपाशी पडून राहिली. सकाळी बघतो तर आईनं ती उतरंडीतल्या वरच्या गाडग्यात ठेवलेली.

आणि पौषात बारकीला गोवर आला.

आईला बोलायला कारण मिळालं होतं. ती बोलली नाही. पण आत्ती बारकीला हातच लावीना. दिवसभर उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून बसायची, आतनं कण्हणं आलं की कानावर पदर घ्यायची. आईच्या कामाचे खाडे पडत होते. तिसऱ्या रात्री आई बाहेर आली नि बारकीला तिच्या मांडीवर ठेवली.

"धरा जरा. माझ्यानं बसवत न्हाय आता."

आत्ती लिंबाच्या डहाळ्यानं वारा घालत बसली. मला जाग आली तेव्हा दिवस उगवला होता. आई तिच्या शेजारीच, बसल्या जागी झोपलेली.

बारकी उठली. गालावर फोलपटं निघाली नि परत राख खायला लागली. आत्ती रातचं जेवायलाही लागली. आई आधी तिच्या पुढ्यात भाकरी ठेवायची, मग दादांच्या.

पुढच्या साली मृगाचा पाऊस पडला तशी आत्ती पेरणीला म्हणून निघाली. आईनं उतरंड उतरवली, गाडग्यातली कुंची काढली आणि स्वतःच्या हातानं बारकीला बांधली. बारकीला कडेवर घेऊन ओढ्यापर्यंत घालवायला गेली. मी गाठोडं धरलेलं. ओढ्याला गढूळ पाणी आलं होतं.

आत्तीनं बारकीचा मुका घेतला, कुंचीची गाठ सोडली, घडी घालून गाठोड्यात ठेवली.

"असू द्या की तिच्या डोक्याला," आई म्हणाली.

"नगं. मोठी झाली आता ही. आवळतीया तिला."

कुंची तर बारकीच्या डोळ्यांवर उतरत होती. आत्तीनं लुगडं वर खोचलं नि पाण्यात पाय घातला.