कारवानीच्या बरगड्या दिसणारच

मागच्या फोटोखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "कुत्री आजारी आहे का? बरगड्या दिसत्यात." आजारी नाही. कारवानीच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच पाहिजेत. चरबी चढली की ते कुत्रं पळायच्या कामातून गेलं.

आमची तांबी गुळगुळीत अंगाची कारवानी. कानाला अन् शेपटीला झुपकेदार केस असले की त्याला पश्मी म्हणतात. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात सांभाळली, म्हणून तिकडं नाव मुधोळ. 2005 ला पोस्टाच्या तिकिटावरही आली. आमच्या आबांच्या काळी या कुत्र्यांवर सशाची शिकार व्हायची. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद झाली, ते बरंच झालं. पण कुत्र्याला कायदा कोण सांगणार?

हे कुत्रं नाकापेक्षा डोळ्यानं शिकार करतं. लांब काही हललं की मान वर, अन् एकदा नजर बसली की मालकाची हाक कानात शिरत नाही. हे मला माहीत होतं. तरी थंडीत संध्याकाळी हरभऱ्याला पाणी देताना तिला मोकळी सोडली. बांधावरून ससा उठला. मी ओरडतोय, ती गेली. ससा काटेरी तारेखालून निसटला, ही तारेत अडकली. मांडीची कातडी वीतभर फाटली. कातडी लई पातळ असते यांची.

मी हळद लावून कापड गुंडाळलं अन् सकाळी तालुक्याला नेली. डॉक्टर म्हणाले, "रात्रीच आणायची होती." टाके घालताना भूल बेतानं दिली, अंगात चरबी नसल्यानं ही कुत्री भुलीतून लवकर उठत नाहीत. ती डोळे उघडेपर्यंत मला बाहेर चहासुद्धा गेला नाही.

मग भीतीनं साखळीला बांधली. जखम भरली, पण भाकरी तशीच पडून राहायला लागली. शेवटी पोरगा म्हणाला, "अण्णा, तिला पळू द्या, नाहीतर देऊन टाका कुणाला."

आता ऊन वर आल्यावर पोराच्या सायकलीबरोबर पाणंदीनं पळते. दोरी कायम. पट्टा रुंद घ्या, यांचं डोकं निमुळतं, साध्या पट्ट्यातून सटकतं. पळून आल्यावर दम जिरू द्यायचा, मगच ताक-भाकरी अन् एखादं अंडं. भरल्या पोटी कधी पळवू नका. पार्वोची लस पिल्लूपणीच, रेबीजची दरवर्षी. थंडीत खाली पोतं टाका, अंगावर केस नसल्यासारखेच असतात.

पिल्लं मागणाऱ्यांनी आधी रोज पळवायला जागा अन् माणूस आहे का, ते कळवावं. फ्लॅटवाल्यांनी रागावू नये.