लांडराट म्हणजे कोण?

आपल्या कामाविषयी मुलांना काही सांगा, असा शाळेचा निरोप आला. मी जुन्या जर्मन कागदपत्रांचे इंग्रजीत भाषांतर करतो. जन्मदाखले, देश सोडण्याचे परवाने, कचेऱ्यांचे हुकूम असे हे कागद असतात. ते पाठवणारी मंडळी बहुधा अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहतात आणि त्यांना पणजोबांची भाषा येत नाही. या कामात व्याकरण फारसे अडवत नाही. अडवतात ती हुद्द्यांची आणि कचेऱ्यांची नावे.

'लांडराट' हा शब्द घ्या. 'लांड' म्हणजे प्रदेश आणि 'राट' म्हणजे सल्लागार. शब्दाला शब्द ठेवून 'लँड काउन्सिलर' केले, तर वाचणाऱ्याला हा शेतजमिनीविषयी सल्ला देणारा गृहस्थ वाटेल. प्रशियात १८१५ साली राज्यकारभाराची नवी घडी बसली. प्रांत, त्याखाली 'रेगीरुंग्सबेत्सिर्क' आणि त्याखाली 'क्राइस' अशी ती उतरंड होती. लांडराट हा या क्राइसचा प्रमुख. आपल्याला चटकन कलेक्टर आठवतो, पण अमेरिकन वाचकाला 'कलेक्टर' म्हणजे वसुली करणारा वाटतो. 'काउंटी कमिशनर' म्हणावे, तर तिकडे तो लोकांनी निवडून दिलेला असतो आणि लांडराटाची नेमणूक राजा करी. म्हणून मी 'डिस्ट्रिक्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' लिहितो आणि पहिल्या वेळी मूळ शब्दही शेजारी ठेवतो.

'क्राइस' तर याहून फसवा. प्रशियात क्राइस म्हणजे साधारण जिल्हा. बव्हेरियात मात्र १९३८ अखेरपर्यंत क्राइस म्हणजे अशा अनेक जिल्ह्यांचा मोठा विभाग होता. प्रशियाच्या क्राइसएवढ्या मुलखाला तिथे 'बेत्सिर्क' म्हणत. १९३९ पासून नावे सर्वत्र सारखी झाली. त्यामुळे कागद हाती आला की मी आधी ठिकाण आणि साल पाहतो, मग शब्दाला हात लावतो.

बडोद्याच्या माणसाला हे नवल वाटू नये. गायकवाडी राज्यात प्रांताचा अधिकारी 'सुभा' आणि तालुक्याचा 'वहिवटदार'. त्याच तालुक्याच्या अधिकाऱ्याला मुंबई इलाख्यात 'मामलेदार' म्हणत. 'तालुकदार' हा शब्द निजामाच्या राज्यात जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला होता, तर अवधमध्ये तो बड्या जमीनदाराला. शब्द एकच, पण मुलूख बदलला की माणूस बदलतो. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध केला. शब्द नेमका असला तरच हुकूम नेमका पोचतो, हे जाणणारा राजाच असा खटाटोप करील.

हुद्दा चुकला तर फार तर गैरसमज होतो. काही शब्दांत मात्र याहून मोठा धोका असतो. एका आजीबाईंनी त्यांच्या वडिलांच्या अटकेचा १९३० च्या दशकातला कागद पाठवला होता. त्यावर 'शुट्सहाफ्ट' असा शब्द होता. 'शुट्स' म्हणजे संरक्षण, 'हाफ्ट' म्हणजे अटक. कोशात 'प्रोटेक्टिव्ह कस्टडी' असे सापडते आणि ते शब्दशः बरोबरही आहे. आजीबाईंनी विचारले, "माझ्या वडिलांना कोणापासून वाचवण्यासाठी आत ठेवले होते?"

कोणापासूनच नाही. २८ फेब्रुवारी १९३३ च्या फर्मानाने जर्मनीत व्यक्तिस्वातंत्र्य स्थगित झाले. त्याच्या आधाराने नाझी पोलीस न्यायालयाविना, मुदतीविना माणसे धरत आणि डाखाऊसारख्या छळछावण्यांत पाठवत. या प्रकाराला सरकारने दिलेले गोंडस नाव म्हणजे शुट्सहाफ्ट. नुसते 'संरक्षण' लिहिले असते, तर ते खोटे माझ्या हातून पुन्हा एकदा खरे ठरले असते. 'तुरुंगवास' लिहिले असते, तर सरकार खोटे कसे बोलत होते ते पुसले गेले असते. म्हणून मी जर्मन शब्द तसाच ठेवला, इंग्रजी अर्थ अवतरणात दिला आणि खाली तीन ओळींची टीप लिहिली. ती वाचून त्यांनी एवढेच कळवले, "आता समजले."

मुलांनो, तुमच्यापैकी बरेच जण घरी मराठी, बाहेर गुजराती आणि वर्गात इंग्रजी बोलतात. म्हणजे भाषांतर तुम्ही रोजच करता. एखादा सरकारी शब्द समोर आला की अर्थ कोशात जरूर पाहा. पण तो कोणी, कुठे आणि कधी वापरला, तेही विचारा.